गोड नकार

१२ सप्टेंबर २०११, न्यू ब्रिटन, कनेक्टिकट

आजपासून मी विमा कंपनीची नोकर. जन्मभर मुलींना लॅटिन आणि इंग्रजी शिकवलं, शाळा बंद पडली, घरी बसून जीव आंबायला लागला, म्हणून हा उद्योग.

कारण असं की वॉशिंग्टनच्या नव्या कायद्याने विमा कंपन्यांना दम भरलाय, लोकांना कळेल अशा भाषेत लिहा. ते कंपनीतल्या एकालाही येत नाही. मग जाहिरात दिली. मुलाखतीला आलेल्यांत भाषा येणारी मी एकटी होते, बाकीचे सगळे 'संवादतज्ज्ञ' होते.

साहेबाचं नाव कोल्बी ट्रॅस्क. दात फार पांढरे. पहिल्याच वाक्यात मला "बर्निस" म्हणाला. "आमच्याकडे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात." मी म्हटलं, "माझ्याकडे नाही." तो हसला. त्याला वाटलं, मी विनोद केला.

मग कंपनीचे नेहमीचे शब्द माझ्यापुढे टाकले. यांचे अर्थ सोपे करून लिहायचे. ग्राहकाला इथे 'सभासद' म्हणतात, जणू तो क्लबात पत्ते कुटायला येतो. 'वजावट' म्हणजे आजारी पडल्यावर आधी तुम्ही स्वतःचा खिसा रिकामा करायचा, मग आम्ही उगवणार. 'जाळ्याबाहेरचा डॉक्टर' म्हणजे ज्याच्याशी कंपनीचं जमलेलं नाही, त्याच्याकडे गेलात तर आपलं आपण निस्तरा. जाळं म्हटल्यावर मासा कोण, हे अजून कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. आणि 'पूर्वमंजुरी' म्हणजे तुमच्या डॉक्टरने सांगितलेली गोष्ट करू का, असं तुम्हाला कधी न पाहिलेल्या माणसाला विचारणं.

"हे लोकांना कळत नाही तेच बरं," मी म्हटलं. "कळलं तर दगड घेऊन येतील."

"म्हणूनच तर तुम्हाला घेतलंय," कोल्बी म्हणाला.

१८ सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर जिनीकडे जेवण. धाकटी बहीण असून ती माझ्यापेक्षा थकलेली दिसते. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभं राहून मुलांना वाढते, आणखी काय होणार? नवरा गेल्यापासून एकटीच असते. कितीदा सांगितलं, काहीतरी वाचत जा. ती टीव्हीवर लोक फ्रिज जिंकतात ते बघून टाळ्या वाजवते.

आज पिरोगी, म्हणजे आमच्या पोलिश करंज्या, परतताना कंबर धरून थांबली. "डाव्या पायात वीज गेल्यासारखं होतं गं."

"वजन कमी कर."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. पण मला डोळे आहेत."

तिच्या शाळेचा विमा आमच्याच कंपनीचा निघाला. केवढा आनंद झाला तिला! चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना सांगत होती, "आमची बर्निस विमा कंपनीत शब्दकोश लिहिते." शब्दकोश आणि शब्दसूची यांत फरक काय, ते मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "कांदा अजून घे."

२९ सप्टेंबर

शब्दसूची झाली. कोल्बीने वाचली आणि म्हणाला, "व्वा, मलासुद्धा कळलं." ही प्रशंसा म्हणायची का, याचा मी बसमध्ये विचार करत आले.

आता त्याला पत्रं सुधारून हवीत. सर्वांत आधी नकाराचं पत्र, कारण ते सर्वांत जास्त जातं. डॉक्टर काही सुचवतो, कंपनी नाही म्हणते, आणि हे सभासदाच्या घरी पोचतं: "सदर सेवेची विनंती ही योजनेच्या दस्तऐवजात नमूद वैद्यकीय गरजेच्या निकषांची पूर्तता करीत नसल्याचे पुनरावलोकनाअंती निदर्शनास आल्याने..." पुढे वाचवेना. माझ्या नववीच्या वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर तिच्या आईला बोलावून घेतलं असतं.

वैद्यकीय गरज ठरवतात वरच्या मजल्यावरचे डॉक्टर. त्यांतल्या एकाला लिफ्टमध्ये पाहिलं. टाय सुरेख होता. रुग्णाला शेवटचा हात कधी लावला, त्यालाही आठवत नसावं.

५ ऑक्टोबर

पत्र लिहिलं. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण ही माझी वही आहे. पत्र उत्तम झालंय.

'नामंजूर' हा शब्द काढून टाकला. त्या जागी "आत्ता या घडीला". 'निकष' काढले. पत्राच्या मधे एक जागा मोकळी ठेवलीय, तिथे ज्याचं त्याचं दुखणं आणि त्याऐवजी काय करायचं ते बसवतील. सुरुवात अशी: "तुमच्या डॉक्टरांनी जे सुचवलं, त्यावर आम्ही काळजीपूर्वक विचार केला." आणि शेवट: "दुखणं माणसाला किती थकवतं, हे आम्ही जाणतो. तुम्ही एकटे नाही." छोटी वाक्यं, साधी क्रियापदं. कुठेही अडखळायला होत नाही.

एकाच ठिकाणी घोडं अडलं. जुन्या पत्रात मधोमध जाड अक्षरांत छापलेलं असे, 'आपणांस या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा अधिकार आहे.' सबंध पत्रात कळणारं तेवढं एकच वाक्य. कोल्बी म्हणाला, "ते फार अंगावर येतं, नाही का?"

खरंच येतं. एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि त्याच दमात त्याला कोर्टाचा रस्ता दाखवायचा, हे काही लिहिणं नव्हे. सूर फाटतो. मी ते उचलून मागच्या वेगळ्या पानावर नेलं, जिथे इतर भाषांतल्या सूचना असतात. कायद्याला हवं ते पाकिटात आहे. पत्राला हवं ते पत्रात आहे.

"बर्निस," कोल्बी म्हणाला, "तुम्ही कलाकार आहात."

मुलगा दिसतो तेवढा मूर्ख नाही.

१४ ऑक्टोबर

कॅन्टीनमध्ये यवोन बॉबियन नावाची बाई समोर येऊन बसली. ही अपील विभागाची प्रमुख. म्हणजे नकार मिळालेले लोक भांडायला येतात, ते हिच्याकडे. आवाज मालवाहू गाडीसारखा.

"पत्र तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"वाचलं. इतकं छान आहे, मला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं असेल. उगाच कशाला भांडा."

मी आभार मानले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या ताटातलं उचललं. "मिस गोर्स्की, माझ्यापर्यंत जे येतात ना, त्यांतल्या पुष्कळांना आम्ही शेवटी हो म्हणतो. फक्त यावं लागतं."

मी सांगितलं, पत्र स्पष्ट असेल तर वाद कमी होतात. ती ट्रे उचलून निघून गेली. तिच्या कोबीच्या सॅलडला कुबट वास येत होता.

२ नोव्हेंबर

ऑक्टोबर संपता संपता एवढं बर्फ पडलं की पानं न झडलेली झाडं मोडून तारांवर पडली. सगळ्या गावाची वीज गेली. जिनीकडे गॅसची शेगडी आहे म्हणून तिच्याकडे येऊन राहिलेय. दोघी कोट घालून बार्लीचं सूप पितो.

जिनी पाय घासत चालते. वरच्या खोलीत झोपले तरी खालून स्लिपर फरफटल्याचा आवाज येतो. "पाय उचलून चाल की! म्हातारी झालीस का?" मी ओरडले. "उचलतेच आहे गं," म्हणाली. कसली उचलते? लहानपणीही अशीच, आई मागून ओरडायची. डॉक्टर लिंडक्विस्टने तिच्या पाठीचा एमआरआय करायला सांगितलाय, कंपनीच्या मंजुरीची वाट बघतेय. हल्ली जरा कुठे दुखलं की डॉक्टरांना माणसाचा आतून फोटो हवा असतो.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज एक मजा झाली. मजा म्हणजे, मला फार बरं वाटलं.

जिनीला पत्र आलंय. माझं पत्र! तिला अर्थात ठाऊक नाही. मीही बोलले नाही. पुस्तक निनावी छापावं आणि शेजारच्या बाईला ते वाचताना बघावं, तसं झालं. तिने चष्मा लावून मला मोठ्याने वाचून दाखवलं. एमआरआयआधी काही आठवडे फिजिओथेरपी घ्यावी, असं होतं. एकदाही अडखळली नाही. जिनी! जिने आयुष्यात एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नाही!

"कसं वाटलं पत्र?" मी परीक्षकासारखं विचारलं.

"फार चांगली बाई आहे. मार्गारेट नाव आहे, बघ. किती समजून लिहिलंय." तिने सहीवरून बोट फिरवलं. "डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणत होते, नाही म्हणाले तर आपण भांडू. पण हे काही नाही म्हणत नाहीत. आधी व्यायाम करा म्हणतात. मला उगाच त्या बाईला त्रास द्यायला नको वाटतं."

"मग कर व्यायाम. तेवढंही जड होतं का तुला?"

"करते की," ती म्हणाली. पत्र घडी घालून तिने पर्समध्ये ठेवलं. मागचं पान टेबलावरच राहिलं होतं, त्यावर तिने बटाट्याची सालं काढली.

९ डिसेंबर

कंपनीत केक. नवं पत्र गेल्यापासून अपिलं निम्म्याहून खाली आली. कोल्बीने भाषण केलं: "लोकांना आदराने समजावलं की लोक समजून घेतात." हे वाक्य माझं आहे, पण असू दे. केकवर क्रीमने 'स्पष्टता' लिहिलं होतं, अक्षरं वाकडी.

अपील विभागात आता तेवढी माणसं लागत नाहीत, म्हणून यवोनला आणि तिच्या हाताखालच्या काहींना जायला सांगितलंय. ती खोका घेऊन लिफ्टपाशी उभी होती. मी म्हटलं, "वाईट वाटलं." ती म्हणाली, "माझं काय, मला दुसरी नोकरी मिळेल." आणि दार मिटेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. संतापी लोकांना रोज तोंड द्यायचं काम सुटलं, खरं तर सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता बाईने.

२५ डिसेंबर

हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसून लिहितेय.

काल नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण जिनीकडे. हेरिंग मासे, मशरूम, बीटचं सूप. जेवणाआधी चर्चची पातळ पोळी एकमेकींना मोडून द्यायची आणि भलं चिंतायचं, ती तिने दिली. म्हणाली, "बर्निस, तुला या वर्षी कुणीतरी हसवणारं भेटू दे." मी तिला म्हटलं, "तुला पाय उचलायची बुद्धी मिळू दे."

मग ती सुपाचं भांडं घेऊन आली आणि दारातच कोसळली. सूप पडद्यांवर, भिंतीवर, माझ्या बुटांवर. मी काय म्हटलं, ते लिहिलंच पाहिजे. मी म्हटलं, "मूर्ख! आईचं भांडं होतं ते!"

ती जमिनीवर पडून आपल्या डाव्या पावलाकडे बघत होती. "बर्निस, मी याला सांगतेय हल म्हणून. तो ऐकतच नाही."

२८ डिसेंबर

मणक्याच्या आत गाठ. कॅन्सर नाही. हळूहळू वाढत नसांवर बसली होती. काल कापून काढली. सर्जन बाई तरुण आहेत, डॉक्टर ओकाफोर. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गाठ निघाली. पाऊल किती परत येईल ते सांगता येत नाही. मला वाटतं, फारसं नाही. नस फार दिवस दबली." मग म्हणाल्या, "पाय घासत होत्या म्हणता. मग एमआरआय आधी का नाही झाला?"

आम्ही खाटेपाशीच होतो. जिनीने ऐकलं. तिने पर्स मागितली, घडी घातलेलं पत्र काढलं आणि डॉक्टरांना दिलं. माझी बहीण, नाकात नळी, सर्जनला समजावून सांगत होती, "त्यांनी नाही म्हटलं नव्हतं हो. फक्त आत्ता नको म्हणाले. सगळं नीट लिहिलंय."

डॉक्टर ओकाफोरनी पत्र वाचलं. एकदा उलटं करून मागे बघितलं. मागे काही नव्हतं. "अपील केलं नाहीत?"

"ते कुठे करायचं असतं?" जिनी म्हणाली.

मी पाणी आणायला बाहेर गेले. पाणी कुणी मागितलं नव्हतं.

५ जानेवारी २०१२

नवं पत्र घेऊन कोल्बीकडे गेले. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: "आम्ही नाही म्हणत आहोत. आमचं चुकत असेल. आमच्याशी भांडा. कसं भांडायचं ते खाली दिलंय."

त्याने शेवटपर्यंत वाचलं. शिकवलेली नम्रता आहे अंगात.

"बर्निस, हे जरा आक्रमक वाटतं. तुमच्या दर्जाचं नाही."

"माझ्या बहिणीचा पाय गेला."

"फार वाईट झालं." त्याला खरंच वाईट वाटलं. तेच जास्त भयंकर. "पण पत्रात काय चुकीचं होतं? अपिलाची माहिती पाकिटात होती. तुम्हीच ठेवली होतीत, वेगळ्या पानावर. मला आठवतं, तुम्ही म्हणालात की सूर फाटतो."

शाळेत मी मुलींना अशीच त्यांची वाक्यं परत वाचून दाखवत असे.

जाताना त्याने सांगितलं, सोप्या भाषेसाठी आमच्या पत्राचं नाव बक्षिसाला पाठवलंय.

१५ जानेवारी, रविवार

जिनीला पुनर्वसन केंद्रात हलवलंय. रोज एक मुलगी येऊन तिला दांड्यांमधून चालवते. आज जिनी आनंदात होती, एका नर्सने तिचे केस कुरळे केले होते.

मी सांगून टाकलं.

"जिनी, ते पत्र मी लिहिलं."

"कुठलं?"

"तुला आलेलं. व्यायामाचं."

तिला वाटलं, मी चिडवतेय. "त्यावर मार्गारेटची सही होती."

"मार्गारेट नावाची कुणी बाई नाही. सही छापलेली असते. शब्द माझे आहेत. अपिलाचा भाग मी मागे ढकलला. तू वाचून दाखवलंस तेव्हा मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. मला मजा वाटली."

ती भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत राहिली. कुणीतरी मोटारगाडी जिंकत होतं. ती टाळ्या वाजवत नव्हती.

"मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचायचे," शेवटी म्हणाली. "रात्री दुखायला लागलं की. मला वाटायचं, ही अनोळखी बाई माझ्याशी किती चांगलं बोलते. बर्निस कधी अशी बोलली असती तर." तिने टीव्ही बंद केला. "म्हणजे तुला येतं. लोकांशी येतं."

"जिनी..."

"घरी जा."

६ फेब्रुवारी

नोकरी सोडली. कोल्बीने मिठी मारली. मला टाळता आली नाही.

जिनी फोन उचलत नाही. रविवारी तिच्या घराकडे फेरी मारली. घरी आणलंय तिला, शेजारची हेलेना ड्रोझ्ड बघते तिचं सगळं. खिडकीत दिवा होता. मी घंटी वाजवली नाही. पॅचकीचा, जॅम भरून तळलेल्या गोड गोळ्यांचा, डबा पायरीवर ठेवला आणि आले.

शाळेने तिच्या जागी दुसरी बाई घेतली, असं हेलेनाने चर्चमध्ये सांगितलं. मला नाही, माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईला. मी ऐकावं अशा आवाजात.

१२ मार्च

फोन वाजला.

"दुसरं आलंय," जिनी म्हणाली. काय कशी आहेस वगैरे काही नाही. "तुझंच आहे. आता म्हणतात, मला आणखी सुधारणा होण्याची अपेक्षा नाही, म्हणून फिजिओथेरपी बंद. 'तुम्ही केलेल्या प्रयत्नांचं आम्हाला मनापासून कौतुक वाटतं.' हेही तूच लिहिलंस?"

"हो."

"ये इकडे. आणि गोड लिहायचं नाही."

मला अपील लिहिता येत नाही. लॅटिनमध्ये शोकगीत लिहिता येतं. यवोन बॉबियनला फोन केला, माफी मागितली, काय लिहायचं असतं विचारलं. ती इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. "मिस गोर्स्की, सगळं पाकिटात आहे ना? शेवटचं पान बघा." आणि ठेवून दिला.

शेवटचं पान बघितलं. बारीक अक्षर, जुन्या पत्रातलीच भाषा. मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. सूचना म्हणजे लिखाण नव्हे, असं म्हणाले होते तेव्हा. दोघी त्यावर डोकं आपटत बसलो. चालवणाऱ्या मुलीकडून आणि डॉक्टर ओकाफोरकडून त्यांचं म्हणणं लिहून घेतलं.

जिनीने सबंध वेळ माझ्याशी कामापुरतंच बोलणं केलं.

२९ मार्च

आज फोनवर सुनावणी. पलीकडे कंपनीचा एक डॉक्टर आणि दोन अधिकारी, अलीकडे जिनीच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी. मी निवेदन लिहून आणलं होतं, सुरुवात, मध्य, शेवट, सगळं जिथल्या तिथे. जिनीने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि उलटा करून ठेवला.

"माझं मी बोलते."

डॉक्टरने विचारलं, "पलंगापासून बाथरूमपर्यंत एकट्या जाता का?"

"जाते."

"म्हणजे चालता येतं."

"भिंत धरून जाते, डॉक्टर. भिंत बरोबर घेऊन शाळेत जाता येत नाही."

पलीकडे कुणीतरी खोकलं.

"मला सुधारणार नाही असं ज्याने लिहिलं, त्याने मला बघितलंय का?"

"कागदपत्रं बघितली आहेत."

"जी मुलगी मला रोज चालवते, ती लिहिते की सुधारतेय. तिने पाय बघितलाय. आता तुम्ही कुणाचं ऐकणार?"

"मॅडम, आमचे निकष असे आहेत की..."

"नाही," जिनी म्हणाली. "मला मान्य नाही."

मी टेबलाखाली तिचा हात धरायला गेले. तिने सोडवून घेतला. तिला बोलताना हात लागतात.

१८ एप्रिल

मंजूर! आणखी तीन महिने. पत्र जुन्या भाषेत आलंय, होकाराची पत्रं सुधारायला मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोघींनी मिळून वाचलं तेव्हा कुठे कळलं की हो म्हणतायत.

पाऊल परत येणार नाही, हे डॉक्टर ओकाफोरनी पुन्हा सांगितलं. बुटात घालायचा प्लास्टिकचा आधार मिळालाय. तो घालून आणि काठी घेऊन ती चर्चपर्यंत जाते. मी बरोबर चालते. हळू चालायची मला सवय नाही. ती म्हणते, "लाग सवयीला."

माफ केलंस का, असं मी विचारलेलं नाही. तिने सांगितलेलंही नाही.

६ मे, रविवार

चर्चमधल्या बायकांना बातमी लागली की जिनी लेमान्स्कीने विमा कंपनीला फोनवर नाही म्हटलं आणि जिंकली. आज जेवणानंतर तिच्या स्वयंपाकघरात बायका. जिनी टेबलाच्या टोकाशी बसून शाळेत वाढायची त्याच आवाजात हुकूम सोडत होती: "पत्र टाकून दिलंस? कचऱ्यातून काढून आण."

हेलेना ड्रोझ्ड सर्वांत शेवटी आली. नवऱ्याच्या सांधेदुखीच्या इंजेक्शनला कंपनीने आत्ता या घडीला नको म्हटलंय. ती पाकीट पुढे करेना.

"राहू दे गं," म्हणाली. "त्यांनी इतकं चांगलं लिहिलंय. वाईट दिसतं भांडायला गेलं की."

"बस खाली," जिनी म्हणाली. "ही बघ, हिने लिहिलंय ते."

हेलेनाने आधी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाकीट तिने छातीशी धरलं. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. आयुष्यात मला कुणी कोपऱ्यात उभं केलं नव्हतं, आता कळलं कसं वाटतं ते.

हेलेनाने मला काहीच विचारलं नाही. जिनीला विचारलं, "आणि आता उत्तरही हीच लिहिणार? हिला येतं का?"

जिनीने मला जरा वेळ न्याहाळलं.

"हिला गोड नाही म्हणता येतं," ती म्हणाली. "हो म्हणवून घ्यायला शिकतेय."

हेलेनाने पाकीट दिलं. जिनीकडे दिलं, मला नाही. जिनीने ते उघडलं, आधी मागचं पान बाहेर काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर आपटलं.

"वाच," म्हणाली. "मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."